ट्रॅक्टरची पडवी वाढवताना : आधी पाण्याची वाट, मग पत्रा

रब्बीची रास घरी आली, की मे अखेरपर्यंतचे दिवस बांधकामाचे. गवंडी मोकळा सापडतो, मुरूम कोरडा मिळतो आणि अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे पाहून घरातले कोणीतरी म्हणतेच, "यंदा पावसाआधी याच्या डोक्यावर पत्रा टाकू या." बेत चांगलाच आहे. उन्हाने टायर तडकतात, पावसाने सीट कुजते, बॅटरीच्या जोडण्या गंजतात. लाखो रुपयांचे यंत्र उघड्यावर ठेवणे कोणाला परवडणार? शिवाय त्याच आडोशाला मोटारसायकल, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, सारे काही येते. म्हणून आहे ती लहान पडवी वाढवायची किंवा घराच्या भिंतीला टेकून नवी काढायची, असे ठरते.

मग लोहार येतो. लोखंडी अँगल किती, पत्रे किती, मजुरी किती, याचा हिशेब कागदावर मांडला जातो. या हिशेबात दोन गोष्टी मात्र बहुधा नसतात. या पत्र्यावरचे पाणी जाणार कोठे, ही एक. आणि बांधायला परवानगी कोणाची, ही दुसरी. पहिली गोष्ट गवंड्याची आणि दुसरी कचेरीची, असे आपण धरून चालतो. जागेवर मात्र दोन्ही एकच होतात. कारण पडवीविरुद्ध पंचायतीत जो अर्ज येतो, तो बहुधा ज्याच्या भिंतीला आपल्या पत्र्याचे पाणी लागते त्या शेजाऱ्याचा असतो. पाणी नीट काढले असेल, तर कागदाचे काम सोपे होते. पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडले, तर शिक्क्याचा कागदही वाद मिटवीत नाही.

पंचवीस पिंपे पाणी

प्रथम पाण्याचे माप घेऊ. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. एवढे सूत्र लक्षात ठेवले, तर हिशेब घरातले शाळकरी पोरही करील.

समजा, आपली नवी पडवी २० फूट लांब आणि १२ फूट रुंद आहे. मागे रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर उभा करायला एवढी जागा लागतेच. क्षेत्र झाले २४० चौरस फूट, म्हणजे सुमारे २२ चौरस मीटर. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाला, तर या पत्र्यावरून सव्वादोन हजार लिटर पाणी उतरेल. दोनशे लिटरची अकरा पिंपे.

पण हिशेब येथे संपत नाही, आणि पुष्कळांची चूक येथेच होते. पडवी घराला टेकून काढली, की तिचा पत्रा जुन्या वळचणीखाली जातो. म्हणजे जुन्या छपराच्या त्या बाजूच्या उताराचे पाणीही नव्या पत्र्यावर पडणार. जुना उतार २० फूट लांब आणि १५ फूट रुंद असेल, तर तो आणखी ३०० चौरस फूट झाला. दोन्ही मिळून ५४० चौरस फूट. त्याच चार इंच पावसाचे पाणी आता पाच हजार लिटरच्या वर गेले. पंचवीस पिंपे!

आजवर या पाण्यापैकी जुन्या छपराचे पाणी भिंतीलगत पागोळ्यांनी पडे आणि अंगणातून सावकाश पसरत जाई. बाकीचे जमिनीवरच पडे, थोडे मुरे, थोडे वाहे. आता सारेच्या सारे पाणी बारा फूट पुढे सरकून हद्दीच्या कडेला एका रेषेत कोसळेल. पाऊस तोच, घर तेच. पाण्याची जागा तेवढी बदलली. शेजाऱ्याची मातीची किंवा विटांची भिंत त्या रेषेपासून दोन हातांवर असेल, तर पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा पत्र्याच्या खालच्या कडेला पन्हाळ हवीच. ती नंतर लावू, असे म्हणू नये. 'नंतर' म्हणजे श्रावण, आणि तोवर शेजाऱ्याशी बोलणे बंद झालेले असते. पन्हाळ सहा इंच रुंदीची, वीस फुटांत दीड-दोन इंच उतार दिलेली असावी. पाइप चार इंची घ्यावा. पन्नास चौरस मीटर छपराचे पाणी एका पाइपावर सोडून निर्धास्त राहू नये. जोराच्या सरीत पन्हाळ तुंबून काठावरून सांडते. मध्यभाग किंचित उंच ठेवून दोन्ही टोकांना एकेक पाइप काढला, तर एकात पाला अडकला तरी दुसरा चालतो. पन्हाळीसाठी दर तीन फुटांना लोखंडी कडी मारावी. पाण्याने भरलेल्या पन्हाळीचे वजन पुष्कळ होते.

आता उंचीकडे पाहा. बारा फूट रुंदीच्या पत्र्याला निदान दीड फूट उतार द्यावा, म्हणजे पाणी मागे फिरत नाही. जुनी वळचण जमिनीपासून साडेनऊ फुटांवर असेल आणि पत्रा तिच्याखाली अर्धा फूट घातला, तर नऊ फुटांवरून निघालेला पत्रा पुढे साडेसात फुटांवर येतो. ट्रॅक्टरचा सायलेन्सर किंवा डोक्यावरचे छत त्यातून जाते का, ते आधी टेप लावून मोजा. जात नाही असे दिसले, की लोहार सुचवतो, "उतार कमी करू." तेथे मान डोलवू नका. उतार कमी झाला, की वाऱ्याबरोबर पाणी पत्र्यांच्या जोडातून आत येते, आणि जुन्या भिंतीशी जो सांधा आहे तेथून थेट भिंतीत उतरते. त्यापेक्षा दार लांबीच्या टोकाला, उंच बाजूकडे ठेवा, किंवा पडवीची जमीन थोडी खाली घेता येते का ते पाहा. मात्र खाली घेतलेल्या जमिनीत बाहेरचे पाणी शिरणार नाही ना, याची खात्री झाल्यावरच. दोन्ही जमत नसेल, तर पडवी घरापासून तीन-चार फूट सुटी काढणे केव्हाही बरे. भिंत वाचते, हवा खेळते आणि दोन छपरांची पाणी वेगवेगळी राहतात.

आणि येथे घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नये. कोणत्या भिंतीला ओल येते, कोणत्या कोपऱ्यात पोती ठेवली की ज्वारीला बुरशी धरते, हे त्यांना ठाऊक असते. ज्या भिंतीला पडवी टेकवायची, तिच्या आत धान्याची खोली असेल तर सांध्याचे काम दुप्पट काळजीने करा. भिंतीत आडवी खाच घेऊन तीत पत्र्याची पट्टी बसवून सिमेंटने बंद करावी. नुसता डांबराचा पट्टा चिकटवला, तर तो दोन उन्हाळ्यांत सुटतो.

काळी जमीन आणि तिची तहान

पाइपातून पाणी खाली आले, पुढे काय? आपल्या दख्खनच्या पठारावर पुष्कळ गावे काळ्या जमिनीवर वसलेली आहेत. ही माती पिकाला आई, पण घराला सावत्र. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या एका बाजूला रोज पाणी मुरले आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर पाया सारखा उचलला जात नाही आणि भिंत तिरकी तडकते. अशी चीर नुसती लिंपून जात नाही. पाणी वळवले तरच ती थांबते.

म्हणून पडवीचे खांब काळ्या मातीत उभे करू नका. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या. मुरूम फार खोल असेल, तर खड्ड्यातली काळी माती काढून मुरूम भरून चांगला चोपा. जुन्या घराच्या पायालगत खोल खणू नये, हे गवंड्याला बजावून सांगा. खांब भिंतीपासून थोडा दूर घेतला तर काही बिघडत नाही. जोत्याभोवती तीन फूट रुंदीचा कोबा करून त्याला बाहेरच्या बाजूला एक-दीड इंच उतार द्यावा.

पडवीची जमीन उंचावण्याची हौस पुष्कळांना असते. चार ट्रॉल्या मुरूम टाकला, की आपली जागा कोरडी होते खरी. पण ते पाणी एकतर शेजारी जाते, नाहीतर आपल्याच घराच्या जुन्या, खाली राहिलेल्या उंबऱ्याकडे वळते. भराव टाकण्यापूर्वी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चार ठिकाणांची पातळी घ्या : घराचा उंबरा, पडवीचे दार, शेजाऱ्याचे अंगण आणि गावचे गटार. या चार खुणा कळल्या, की पाणी कोठे न्यायचे हे नळीच सांगते. उघड्या चारीला दर दहा फुटांना निदान एक इंच उतार हवा.

गटार जवळ नसेल, तर पुष्कळजण शोषखड्ड्याचा सल्ला देतात. सल्ला वाईट नाही, पण जमीन पाहून घ्यावा. मुरमाड जमिनीत शोषखड्डा उत्तम चालतो. काळ्या चिकण जमिनीत तो एका पावसात भरतो आणि नंतर नुसते डबके होते, डासांना सोयीचे. आपली जमीन कोणती हे कळत नसेल, तर हातभर खोल खड्डा घेऊन त्यात दोन वेळा पाणी ओता. दुसऱ्यांदा ओतलेले पाणी दुसऱ्या सकाळीही तसेच असेल, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. खड्डा घेतलाच, तर कोणाच्याही भिंतीपासून निदान दहा फूट दूर आणि विहिरीपासून शक्य तितका लांब घ्या.

यापेक्षा चांगला उपाय साठवण्याचा आहे. सातशे मिलिमीटर पावसाच्या गावात नुसत्या नव्या पत्र्यावरून वर्षाला पंधरा हजार लिटर पाणी मिळते. पहिल्या पावसाचे धुऊन निघालेले पाणी सोडून दिले, तर पुढचे पाणी जनावरांना, फवारणीला, परसातल्या भाजीला कामाला येते. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे साठवणार किती? तेथे रुंद चारी आणि नीट वाट याला पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायची. छपराचे पाणी निराळे आणि ट्रॅक्टर धुतलेले पाणी निराळे. त्यात डिझेल असते, ऑइल असते. ते शोषखड्ड्यात किंवा टाकीत जाऊ देऊ नका. विहिरीच्या पाण्याला एकदा वास लागला की तो लवकर जात नाही. काढलेले ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

शेजारी आणि कायदा

"आमच्या छपराचे पाणी आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या अंगणात पडते, तो आमचा हक्कच आहे," असे पुष्कळदा ऐकू येते. यात अर्धेच खरे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे अशी वहिवाट उघडपणे, भांडणतंट्याशिवाय, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे चालली असेल, तर हक्क निर्माण होऊ शकतो. शेजाऱ्याच्या परवानगीने पडणारे पाणी या हिशेबात धरत नाहीत. जागा सरकारी असेल, तर मुदत तीस वर्षांची आहे. पण हा हक्क जेवढ्या छपराचा, तेवढ्याच छपराचा. शेजाऱ्यावर त्याहून अधिक भार टाकता येत नाही. कालच्या तीनशे फुटांच्या जोरावर आज पाचशे चाळीस फुटांचे पाणी ढकलता येणार नाही.

वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीत वाहत जाते आणि खालच्याने ते वाहू द्यावे, हेही त्याच कायद्यात आहे. तेथे शब्द 'नैसर्गिक रीतीने' असा आहे. पन्हाळीत गोळा करून पाइपाने सोडलेले पाणी त्यात बसवता येणे कठीण. उलट, शेतातली पडवी बांधताना भराव घालून कोणी वरच्या रानाचे पाणी अडवले आणि पिकाचे नुकसान होऊ लागले, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. हे दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कायदा सांगितला, तरी पहिले पाऊल शेजाऱ्याच्या ओट्यावरच टाकावे. पत्रे आणण्याआधी जावे. "अण्णा, पडवी बारा फूट पुढे घेतोय. पाणी तुमच्याकडं येऊ देणार नाही, पन्हाळ लावून गटाराला नेतोय. दोरी लावलीय, एकदा बघून जा की." दोरीपाशी उभे राहून दोघांनी हद्द पाहिली, की निम्मे काम झाले. पत्र्याची कड नव्हे, तर पन्हाळीची बाहेरची कड हद्दीच्या आत राहिली पाहिजे; हवेतही दुसऱ्याच्या जागेवर जाता येत नाही. हद्दीविषयी दोघांचे एकमत नसेल, तर रीतसर मोजणी करून घ्यावी. मोजणीची फी कोर्टाच्या एका तारखेपेक्षा जड नाही.

कागद कोणते, कोणाकडे

गावठाणातील घरासाठी आपला पहिला दरवाजा ग्रामपंचायतीचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याच्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीची आगाऊ परवानगी घेतल्यावाचून इमारत बांधता येत नाही. "आम्ही कुठे इमारत बांधतोय, पत्रा तर टाकतोय," हे म्हणणे टिकत नाही. शेड, भिंत, पडवी, ओटा हे सारे कायद्याच्या लेखी इमारतीतच येते.

अर्ज साधा असतो. जागेची लांबी-रुंदी, चारी बाजूंच्या चतुःसीमा, जुने बांधकाम किती, नवे किती आणि पाण्याचा निकाल कोठे लावणार, हे एका कागदावर रेखाटून द्यावे. पाण्याची वाट नकाशात बाणाने दाखवा. हे सहसा कोणी करत नाही; पण उद्या हरकत आली, तर हाच बाण आपल्या बाजूने बोलतो. सोबत पंचायतीचा नमुना ८ चा उतारा जोडावा. तलाठ्याकडचा ८ अ आणि पंचायतीचा नमुना ८ यांत घोटाळा करू नका : पहिला जमिनीच्या खात्याचा, दुसरा घराच्या कर-आकारणीचा. आणि नमुना ८ वर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही नव्हे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची पत्रिका झाली असेल, तर तीवरचे क्षेत्र आणि आपली दोरी जुळते का, ते आधीच पाहा. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असेल, तर सर्व भावा-बहिणींची लेखी संमती घ्या. सख्ख्या भावाची हरकत परक्याच्या हरकतीपेक्षा जास्त दिवस चालते.

अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्यावी. ग्रामसेवकांनी (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) "करा हो, काही होत नाही," असे सांगितले, तरी तो परवाना होत नाही. लेखी परवानगी हाती आल्यावरच खड्डा घ्या. बांधकाम झाल्यावर त्याची आकारणीला नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल म्हणून नोंद टाळणारे पुष्कळ असतात. पुढे कर्ज काढताना किंवा वाटणी होताना ती बिननोंदीची पडवी नडते.

गाव प्रादेशिक योजनेत, शहरालगतच्या विकास प्राधिकरणात किंवा नगरपंचायतीत असेल, तर नियम वेगळे लागू होतात. राज्याच्या बहुतेक भागासाठी डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तीत चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची, ते दिलेले आहे. आपले गाव कशात येते, हे पंचायतीत किंवा तालुक्याच्या कचेरीत विचारून मगच नकाशा काढा.

शेतातल्या वस्तीवर पडवी काढायची असेल, तर जमीन महसूल संहिता, १९६६ पाहावी लागते. शेतीची अवजारे, खत, चारा, धान्य ठेवण्यासाठी आणि गुरांसाठी शेतात बांधलेल्या इमारतीला ही संहिता शेतीचीच इमारत मानते. तिच्यासाठी जमीन बिगरशेती करण्याची गरज नसते. मात्र शहरांजवळच्या आणि काही ठरावीक क्षेत्रांत त्यासाठीही परवानगी लागते. त्याच पडवीत थोरल्या चिरंजीवांनी ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान थाटले, तर ती शेतीची इमारत राहिली नाही, हे ओळखून असावे.

रस्त्याकडेच्या घरांनी रस्त्याचे अंतर आधी विचारावे. ते डांबराच्या कडेपासून नव्हे, रस्त्याच्या मध्यापासून मोजतात. आणि घरातले कोणी पंचायतीत सदस्य असेल किंवा उभे राहणार असेल, तर पत्रा गावच्या रस्त्यावर वीतभरही जाऊ देऊ नका. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाने सदस्यपद जाते, आणि घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाचा वापर करणाराही त्यात सापडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे.

विजेची तार नव्या पत्र्यावरून जाणार असेल, तर काम सुरू करण्याआधी वीज कंपनीकडे अर्ज देऊन ती हलवून घ्या. पत्रे हुकाच्या बोल्टांनी घट्ट आवळा; वळवाचा वारा उघड्या पडवीत खालून शिरतो आणि पत्रा उचलतो.

पडवी उभी राहिली, ट्रॅक्टर आत गेला, म्हणजे मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत घोंगडे पांघरून बाहेर या आणि पाण्याबरोबर चाला. पन्हाळ कोठे सांडते, पाइपाच्या तोंडाशी खड्डा पडतो का, चारीचे पाणी गल्लीत शाळेच्या पोरांच्या वाटेवर तर येत नाही ना, ते पाहा. पाइपाच्या तोंडाशी एक फरशी टाकली, तर माती उखडत नाही. शेजारच्या भिंतीकडेही एक नजर टाका. आणि कडुनिंब किंवा आंबा पत्र्यावर झुकलेला असेल, तर दर पंधरा दिवसांनी पन्हाळीतला पाला काढण्याचे काम घरातल्या एखाद्या चपळ पोराकडे सोपवा. शिडी मात्र खालून कोणीतरी धरावी.